टोपीवरील बिल्ला आणि तसबिरीतील माणूस



सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या बाजूच्या जुन्या घरांत देवादिकांच्या तसबिरींच्या रांगेत एक वेगळी तसबीर पुष्कळदा आढळते. पिवळा पडलेला कागद, कडेने वाळवी लागलेली चौकट, आणि मध्ये खाकी कपड्यांतला एक मिशाळ माणूस. हे कोण, असे विचारले तर घरातले सांगतात, "आमचे पणजोबा. लढाईला गेले होते." कोणत्या लढाईला, कोणत्या पलटणीतून, कोणत्या हुद्द्यावर, असे पुढचे प्रश्न विचारले की घर गप्प होते. सांगणारी माणसे गेली. कागदपत्रे कधी पुरात गेली, कधी वाटणीत गेली. उरली ती एवढी तसबीर. अशा मुक्या तसबिरीला बोलती कशी करावी, हा आजचा माझा विषय आहे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. माझे आयुष्य कामगार संघटनेच्या कचेरीत गेले आहे. गिरणीत माणूस नावाने ओळखला जात नसे, बिल्ल्याच्या नंबराने ओळखला जाई. मस्टरवर नंबर, पगाराच्या खिडकीवर नंबर, आणि पुढे फंडाच्या पैशांसाठी खेटे घालतानाही तोच नंबर. त्यामुळे बिल्ला दिसला की त्यावर काय लिहिले आहे ते आधी वाचायचे, ही सवय मला धंद्यानेच लागली. गिरणगावातल्या अनेक कुटुंबांचा एक भाऊ मुंबईला साच्यावर आणि दुसरा भाऊ पलटणीत असे. म्हणून गिरणीच्या बिल्ल्यावरून पलटणीच्या बिल्ल्याकडे येण्यास मला फार लांब जावे लागले नाही.

प्रथम चित्राची परीक्षा करावी, माणसाची नंतर. चित्र सुलटे आहे की उलटे, हे आधी पाहावे. काच उलटी धरून छापलेली जुनी चित्रे कमी नाहीत. त्यात डाव्याचे उजवे होते. पुरुषांच्या कोटाची बटणे त्यांच्या उजव्या अंगाला असतात आणि डावी बाजू उजवीवर येते. अधिकाऱ्याच्या कमरपट्ट्याचा तिरपा पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, तलवार डावीकडे लटकते, पदके डाव्या छातीवर असतात. हे सारेच उलट दिसले तर चित्र उलटे समजावे. पण बटणे योग्य बाजूस आणि पदके मात्र उजव्या छातीवर असतील, तर ती त्या माणसाची स्वतःची नव्हेत. वडिलांची किंवा मृत आप्ताची पदके उजव्या बाजूस लावण्याचा प्रघात आहे.

या तिरप्या पट्ट्याला सॅम ब्राऊन म्हणतात. सॅम ब्राऊन हा हिंदुस्थानातील फौजेतला अधिकारी. १८५८ साली लढाईत त्याचा डावा हात गेला. एका हाताने तलवार उपसायची तर म्यान स्थिर राहिले पाहिजे, म्हणून त्याने हा पट्टा वापरात आणला. खाकी हा शब्दही आपल्याकडचाच. खाक म्हणजे धूळ. १८४६ च्या सुमारास पेशावरकडे उभारलेल्या गाइड्स पलटणीत धुळीच्या रंगाचे कपडे आले आणि तेथून ते जगभर पसरले.

दुसरी सावधगिरी रंगाची. या शतकापूर्वीच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या काचांना तांबडा रंग दिसत नसे. तांबडे ते चित्रात काळे उमटे, निळे ते फिके उमटे. लाल डगला घातलेला शिपाई चित्रात काळ्या डगल्याचा दिसतो. वरिष्ठ अधिकाऱ्याच्या गळपट्टीवर लाल पट्ट्या असतात, त्या काळ्या दिसतात, आणि पाहणारा म्हणतो की कोणाच्या सुतकाची काळी फीत असेल. तेव्हा काळे दिसले म्हणजे काळे होते, असे धरून चालू नये.

आता बिल्ल्याकडे वळू. भिंग घ्यावे आणि सर्वांत वरचा भाग प्रथम पाहावा. इंग्रजी अमलातील पुष्कळ बिल्ल्यांच्या माथ्यावर मुकुट असतो. मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या असतील तर तो राणी व्हिक्टोरियाच्या काळचा मुकुट, म्हणजे १९०१ पूर्वीचा. कमानी फुगीर, घुमटासारख्या असतील तर तो त्यानंतरच्या राजांच्या काळचा. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला तरी टोपीवरचा आणि खांद्यावरचा मुकुट त्या दिवशी उतरला नाही. तो उतरला २६ जानेवारी १९५० रोजी, प्रजासत्ताक झाल्यावर. त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. खांद्यावरचा ताराही बदलला. पूर्वीचा तारा इंग्रजांच्या बाथ या मानचिन्हावरून घेतलेला, चौकोनी ठेवणीचा होता. नंतरचा पाच टोकांचा झाला. म्हणजे केवळ तारा नीट दिसला तरी चित्र १९५० च्या अलीकडचे की पलीकडचे, हे ठरवता येते.

मुकुटाच्या खाली आकडा असेल तर तो सोन्याहून मोलाचा समजावा. मुंबई इलाख्याच्या पायदळ पलटणींना स्वतःचे आकडे होते. १९०३ साली किचनेर सरसेनापती असताना सर्व हिंदुस्थानच्या पलटणी एकाच ओळीत मोजण्यात आल्या, आणि मुंबईच्या आकड्यांत शंभर मिळवले गेले. तिसरीची १०३ वी झाली, पाचवीची १०५ वी, दहावीची ११० वी, सतरावीची ११७ वी. १९२२ साली पुन्हा फेररचना झाली. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री ही एकच रेजिमेंट बनवली. ११४ वी तिची प्रशिक्षण पलटण झाली आणि बेळगाव हे तिचे ठाणे झाले. १९४५ साली आकडे अजिबात गेले. आता हिशेब सोपा आहे. खांद्यावर ११० असेल तर चित्र १९०३ ते १९२२ मधले. तीच पलटण नंतर पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन म्हणून दिसेल. आकडाच नसेल तर एक तर चित्र १९४५ नंतरचे, किंवा आकडा कपड्याच्या घडीत लपलेला. म्हणून घाई करू नये.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर बिगुल आहे. बिगुल का? जुन्या काळी मुख्य पायदळ ढोलाच्या ठेक्यावर रांगेने चाले. हलके पायदळ पांगून, झाडाझुडपांच्या आडोशाने लढे. तेथे ढोल कुचकामाचा, हुकूम बिगुलावरून द्यावा लागे. म्हणून बिगुल हे हलक्या पायदळाचे चिन्ह झाले. पण येथेच घोटाळाही आहे. डरहॅम लाइट इन्फंट्री, सॉमरसेट लाइट इन्फंट्री या विलायतेतील पलटणींच्या टोप्यांवरही बिगुलच होता. नुसता बिगुल पाहून मराठा म्हणू नये. आकडा, अक्षरे, बटणे, सारे जुळले पाहिजे. रायफल पलटणींची बटणे काळी असतात, हीसुद्धा एक खूण आहे.

आपल्याकडील शिपायांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. ते फेटा बांधत, आणि फेट्यावर बिल्ला नेहमी असेच असे नाही. तेव्हा डोके सोडून खांदा पाहावा. खांदापट्टीच्या टोकाशी पितळी अक्षरांत पलटणीची खूण असे. विलायती माणसाची ओळख टोपीवर शोधायची, आपल्या माणसाची खांद्यावर.

आता हुद्दा. १९०२ पासूनचा क्रम असा. एक तारा सेकंड लेफ्टनंट, दोन तारे लेफ्टनंट, तीन तारे कॅप्टन, मुकुट असेल तर मेजर, मुकुट आणि एक तारा लेफ्टनंट कर्नल, मुकुट आणि दोन तारे कर्नल. त्यापूर्वी, १८८० नंतरच्या काळात, लेफ्टनंटाला एकच तारा आणि कॅप्टनला दोन असत. म्हणून चित्राचे साल ठरवल्यावाचून तारे मोजण्यात अर्थ नाही. पहिल्या महायुद्धात विलायती गणवेशावर अधिकाऱ्यांचे तारे बाहीच्या टोकावर असत. शत्रूचे नेमबाज ते हेरून अधिकाऱ्यांना आधी टिपू लागले, तेव्हा अनेकांनी ते खांद्यावर नेले, आणि १९२० साली बाहीवरची पद्धत बंदच झाली.

आमच्या कचेरीत एका कुटुंबाने अशीच एक तसबीर आणली होती. दुसऱ्या महायुद्धातली. खांद्यावर दोन तारे स्पष्ट दिसत होते. घरातली समजूत अशी की आजोबा लेफ्टनंट होते. भिंग लावले तेव्हा ताऱ्यांखाली खांदापट्टीवर एक आडवी फीत दिसली. त्या फितीने सारा अर्थ बदलला. दोन तारे आणि खाली फीत म्हणजे सुभेदार. एक तारा आणि फीत म्हणजे जमादार, ज्याला १९६५ पासून नायब सुभेदार म्हणतात. मुलाचा चेहरा जरा उतरला. मी त्याला म्हटले, "अहो, वाईट का वाटून घेता? लेफ्टनंट कोवळ्या वयात शाळेतून थेट होतो. सुभेदार शिपायापासून एकेक पायरी चढून होतो. तुमच्या आजोबांना ती फीत मिळायला निम्मे आयुष्य लागले असेल."

पण या फितीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुभेदाराला सनद मिळे ती व्हाइसरॉयची, राजाची नव्हे. त्याचा हुकूम फक्त हिंदी शिपायांवर चाले. वीस-बावीस वर्षे नोकरी केलेला सुभेदार काल बोटीतून उतरलेल्या गोऱ्या सेकंड लेफ्टनंटच्या हाताखाली राही. गिरणीत जॉबरचे जे स्थान होते, खालच्यांवर सत्ता आणि वरच्यांपुढे मान खाली, तेच थोड्याफार फरकाने सुभेदाराचे होते. कापडाची ती बोटभर फीत म्हणजे एका राज्यव्यवस्थेने आखलेली रेषा होती.

ती रेषा ओलांडण्याची वाट १९१८ नंतर उघडली. त्या साली सँडहर्स्टच्या शाळेत हिंदी तरुणांना जागा मिळाल्या आणि १९३२ मध्ये डेहराडूनला आपली अकादमी निघाली. यावरून नियम निघतो की १९१८ पूर्वीच्या चित्रात लढाऊ पलटणीतला हिंदी कॅप्टन सहसा सापडायचा नाही. पण तीन तारे खरोखरच दिसले तर? तर तो माणूस डॉक्टर असण्याचा संभव फार. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये परीक्षा देऊन हिंदी माणसे राजाच्या सनदेवर जात. कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हे असेच वैद्यकीय अधिकारी. कूतच्या वेढ्यात ते सापडले, तुर्कांच्या कैदेत गेले आणि १९१७ मध्ये तेथेच वारले.

आडनावावरून पलटण ठरवणे हीदेखील एक मोठी फसगत आहे. जनरल शंकरराव थोरात कोल्हापूरकडचे. मराठा म्हणून त्यांच्या टोपीवर बिगुल शोधाल तर सापडणार नाही. १९२६ साली ते पंजाब रेजिमेंटमध्ये दाखल झाले. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात कांगावच्या लढाईत त्यांनी दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची बटालियन चालवली आणि डी. एस. ओ. हे पदक मिळवले. त्या रेजिमेंटच्या बिल्ल्यावर चक्क शिडाचे गलबत आहे. पंजाबच्या पायदळाच्या डोक्यावर गलबत कसे? ते आले जुन्या मद्रासी पलटणीकडून. समुद्र ओलांडून लढायला जाण्याची तिची तयारी होती, त्याची ती खूण. बिल्ला माणसाच्या जातीचा किंवा प्रांताचा दाखला नसतो, तो पलटणीच्या आठवणीचा दाखला असतो.

मात्र एक बिल्ला असा आहे की ज्यात एका समाजाचा सारा लढा कोरलेला आहे. महार शिपाई मुंबईच्या फौजेत जुने. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला लढलेल्या पलटणीत ते होते. पुढे अमुक जाती लढवय्या आणि अमुक नव्हेत, असे शास्त्र इंग्रजांनी काढले आणि १८९० नंतरच्या दशकात महारांची भरती बंद पडली. ज्या नोकरीने शाळा दिली, निवृत्तिवेतन दिले, गावकीच्या वेठीतून बाहेर काढले, तीच काढून घेतली. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध अर्ज लिहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हे याच फौजेतले सुभेदार आणि लष्करी शाळेतले शिक्षक. १९१७ मध्ये महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा सरकारला महारांची आठवण झाली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज संपली, आणि १९२१ साली ती मोडली. म्हणून जुन्या चित्रात महार शिपायाच्या खांद्यावर १११ आकडा सापडला तर ते चित्र या चार वर्षांतलेच. इतकी बिनचूक तारीख दुसरा कोणता आकडा क्वचितच देतो. आणि इतकी कडूही.

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. बाबासाहेबांनी त्यासाठी सरकारच्या पाठीस लागणे सोडले नव्हते. पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा खांब होता. १९४६ मध्ये ती मशीनगनची रेजिमेंट झाली, तेव्हा खांबासोबत दोन विकर्स मशीनगनी आल्या. स्वातंत्र्यानंतर खांब गेला आणि त्या जागी खंजीर आला. खांब, खांबासह तोफा, तोफांसह खंजीर, या तीन खुणांवरून चित्राचा काळ लागतो, आणि त्याबरोबर एका समाजाची बंद झालेली व पुन्हा उघडलेली वाटही दिसते.

आता मी मूळ मुद्द्याकडे येतो. पलटणीचे सामुदायिक छायाचित्र नीट पाहा. मध्ये खुर्च्यांवर गोरे अधिकारी, त्यांच्या शेजारी सुभेदार-जमादार, मागे उभे आणि पुढे जमिनीवर बसलेले शिपाई. खाली छापलेली नावे बहुधा फक्त खुर्च्यांवरच्यांची. १९१४ च्या हिंदी बटालियनमध्ये बारा-चौदा गोरे अधिकारी असत. पलटण, साल आणि हुद्दा एवढे बिल्ल्यावरून कळले की आर्मी लिस्ट उघडावी, लंडन गॅझेटमधल्या बढतीच्या तारखा पाहाव्यात, छातीवरच्या फिती जुळवाव्यात, आणि बारांतला एक माणूस सहज नावानिशी सापडतो. शिपाई मात्र साडेसातशेच्या आसपास. त्यांची छापील यादी नाही, छातीवर फिती सगळ्यांच्या सारख्या, आणि खांद्यावरचा आकडा सगळ्यांचा एकच. म्हणजे बिल्ला साहेबाला नाव मिळवून देतो आणि शिपायाला फक्त पलटण.

हा दोष बिल्ल्याचा नव्हे. नोंद ठेवणाऱ्याचा आहे. आपल्या अनेक खेड्यांत चावडीजवळ किंवा वेशीपाशी एक संगमरवरी फरशी आहे. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर. आकडे आहेत, नाव एकही नाही. इराकात बसऱ्याचे स्मारक १९२९ साली उभारले. कूतच्या वेढ्यात २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० माणसांनी शरणागती दिली. त्यांत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियाच्या वाळूत त्यांचे कितीतरी शिपाई राहिले. त्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांची मात्र पलटणवार संख्या तेवढी कोरली आहे. युद्धसमाधींची व्यवस्था पाहणाऱ्या ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या आयोगाने २०२१ साली आपल्याच कारभाराची चौकशी करवून हा भेदभाव कबूल केला. शंभर वर्षांनी केला, पण केला.

आणि गंमत पाहा. कोरेगावच्या खांबाची पायाभरणी १८२१ सालची. त्यावर 'नाक' शेवटाची महार शिपायांची नावे कोरलेली आहेत. म्हणजे दगडावर शिपायाचे नाव कोरायला जागा पुरत नाही, ही सबब खरी नव्हे. जे कंपनी सरकारला कोरेगावात जमले, ते साम्राज्याला शंभर वर्षांनी बसऱ्यात जमले नाही. जागेचा प्रश्न नव्हता, माणूस मोजायचा की ओळखायचा, याचा प्रश्न होता. हाच प्रश्न आम्ही कामगारांनी मस्टरपुढे उभे राहून पुष्कळदा विचारला आहे.

म्हणून माझी आपल्याला विनंती आहे. घरी अशी तसबीर असेल तर ती एका दुपारी उजेडात खाली उतरवा. काच काढताना कागद काचेला चिकटला असेल तर ओढू नका, जाणत्याला दाखवा. मागचा पुठ्ठा फेकू नका, छायाचित्रकाराचे नाव आणि गाव बहुधा त्यावरच असते. मग क्रमाने पाहा. चित्र सुलटे की उलटे, मुकुट कोणता, आकडा कोणता, तारे किती, ताऱ्यांखाली फीत आहे की नाही. पदक घरात असेल तर त्याची कड भिंगाखाली धरा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. दगडावर जे नाव नाही ते पुष्कळदा या कडेवर असते. दुर्दैवाने चांदीचे पदक म्हणून पुष्कळांनी ते अडीअडचणीला सोनाराकडे मोडले.

आणि जे कळेल ते चित्राच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहून ठेवा. शाई पुढे फुटते. नाव, गाव, पलटण, साल, आणि हे कोणी सांगितले तेही. खात्रीचे ते खात्रीचे म्हणून लिहा, ऐकीव ते ऐकीव म्हणून लिहा. घरातील थोर बाई अजून हयात असतील तर आजच त्यांच्यापाशी बसा. बिल्ला पलटणीपर्यंत नेऊन सोडतो. तेथून पुढे त्या माणसाला नावाने हाक मारणारे शेवटचे माणूस बहुधा त्याच असतात.